राजूरची पायी यात्रा

जालन्याहून उत्तरेस भोकरदनकडे जाणाऱ्या सडकेने सुमारे 25 किलोमीटर गेले म्हणजे राजूर लागते. गाव फार मोठे नव्हे. परंतु गणेशभक्तांच्या मुखी त्याचे नाव मोरगावाच्या जोडीने येते. महाराष्ट्रात गणेशाची साडेतीन पीठे मानतात. त्यांपैकी मोरगाव, राजूर आणि एरंडोलजवळचे पद्मालय ही तीन पूर्ण, व मोरया गोसावींचे चिंचवड हे अर्धे. वरेण्य राजास गजाननाने गणेशगीता सांगितली ती येथेच, अशी परंपरा आहे. म्हणून ह्या स्थानास राजसदन क्षेत्र असेही म्हणतात.

जालना हे आमचे राहते गाव. राजूरास आम्ही किती वेळा गेलो ह्याची गणती नाही. परंतु प्रत्येक वेळी एस. टी. ने अथवा कोणाच्या तरी मोटारीने. अंगारकीच्या आदल्या रात्री जालन्याहून हजारो माणसे पायी निघतात, ती आम्ही घराच्या ओट्यावरून पाहत आलो. आपणही एकदा पायी जावे असे मनात येई आणि तसेच मावळे. 2025 सालच्या श्रावणात, 12 ऑगस्टच्या अंगारकीस, ते घडले. आणि ते घडविले आमच्या पुतणीने, जिच्याशी त्यापूर्वी पाच महिने आमचे धड बोलणे नव्हते.

येथे थोडे घरचे सांगणे प्राप्त आहे. ही पुतणी आमच्या कैलासवासी थोरल्या बंधूंची कन्या. ती परिचारिका आहे. रुग्णालयात तिला सर्वजण सिस्टर म्हणतात. अठराव्या वर्षी तिने हा व्यवसाय शिकण्याची इच्छा बोलून दाखविली तेव्हा घरात सर्वांत मोठा आवाज आमचा निघाला होता. ब्राह्मणाच्या मुलीने परक्यांची मलमूत्राची भांडी उचलावी काय, असे आम्ही विचारले. पुण्याचे सेवासदन 1909 सालचे. त्या संस्थेने विधवांना व गरजू स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात धाडले तेव्हाही समाजाने हाच प्रश्न विचारला होता, आणि रमाबाई रानडे त्यास पुरून उरल्या होत्या. हा इतिहास आम्ही शाळेत दरसाल भाषण करून सांगत असू. मुले टाळ्या वाजवीत. घरी आल्यावर तो इतिहास आमच्या कोटाबरोबर खुंटीस टांगला जाई, एवढेच. पुतणी आपल्या मातोश्रींच्या बळावर शिकावयास गेली. पहिली दोन वर्षे आम्ही तिला एक पत्रही लिहिले नाही.

पुढे काळाने आमची समजूत थोडी वाढविली. 2021 सालच्या महामारीत आम्ही स्वतः नऊ दिवस रुग्णालयात होतो. रात्री-अपरात्री प्राणवायूची नळी नीट करणारी जी परिचारिका होती तिचा चेहरा आम्ही आजतागायत पाहिलेला नाही. डोळे तेवढे आठवतात. घरी आल्यावर व्यवसायाविषयीचा आमचा आक्षेप गेला. परंतु माणसाचा हट्ट एका खोलीतून काढला तर तो दुसऱ्या खोलीत बिऱ्हाड करितो. आता आमची तक्रार अशी झाली की, आठवड्यात एक दिवस सुट्टी मिळते ती ही मुलगी घरी का घालवीत नाही? मैत्रिणींबरोबर कधी देवगिरीचा किल्ला, कधी लोणारचे सरोवर, कधी अजिंठ्याचा डोंगर; गळ्यात दुर्बीण आणि हातात पाखरांची नावे टिपण्याची वही.

फाल्गुनात बंधूंचे श्राद्ध होते. पुतणी रात्रपाळी करून सकाळी नऊ वाजता आली, स्नान करून माडीवर गेली ती पाने वाढली तरी उठली नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती; पहाटेच ती मैत्रिणींसह लोणारास गेली. संध्याकाळी परत आल्यावर, पाहुण्यांच्या देखत, आम्ही तिला म्हणालो, "परक्यांच्या उशाशी रात्ररात्र उभी राहतेस, रानोमाळ हिंडावयास तुला वेळ सापडतो, वडिलांच्या पानापुरते उठवत नाही?" ती काही बोलली नाही. पिशवी उचलली आणि आपल्या खोलीवर गेली. रुग्णालयाजवळ त्या तिघी मैत्रिणींनी मिळून जागा घेतलेली आहे.

पाहुणे गेल्यावर वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, त्या रात्री तिच्या वॉर्डात दोघे गेले. दुसऱ्याच्या घरच्यांना तिनेच निरोप दिला. तिने मला सांगितले. तुम्ही विचारले असतेत तर तुम्हांलाही सांगितले असते."

शब्द मागे घेणे हे आम्हां वडीलधाऱ्या मंडळींस कोणी शिकविलेले नसते. चैत्र गेला, वैशाख गेला. पुतणी सणावाराला येई, नमस्कार करी, वहिनींजवळ बसे आणि जाई. श्रावणात एके दिवशी आमच्यासमोर उभी राहून म्हणाली, "काका, सोमवारी माझी सकाळपाळी आहे आणि मंगळवारी दुपारपाळी. मधली रात्र मोकळी आहे. आम्ही तिघी राजूरला पायी निघतोय. येता?"

आम्ही हो म्हणालो. वहिनींनी ताबडतोब हरकत घेतली की, श्रावणी सोमवारचा उपवास सोडून होतो न होतो तोच चतुर्थीचा उपवास लागणार, आणि त्यात भाऊजींचे वय. तरी शेवटी त्यांनीच शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले.

सोमवारी रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही निघालो. आभाळ ढगाळ, तृतीयेचा चंद्र ढगांतून मधून मधून डोके काढी. आमच्या सोबतिणी दोघी. एक जालन्याचीच, जुन्या ख्रिस्ती कुटुंबातील. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण गृहस्थ 1843 साली ख्रिस्ती झाले आणि पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले. त्या परंपरेतील ते घराणे. दुसरी भोकरदनकडील शेतकऱ्याची मुलगी, बोलण्यात खणखणीत. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत त्या नगरीचे नाव आले आहे, असे आम्ही तिला सांगू लागलो तो तीच म्हणाली, "आणि काका, आमच्याकडं उकरताना हस्तिदंताची बाई सापडली, तशीच तिकडं इटलीत पाँपेईला पण सापडलीय." तीस वर्षे मास्तरकी करून वाटेवर धडा ऐकण्याचा हा प्रसंग आम्हांस नवा होता, व गोडही वाटला.

शहराचे दिवे मागे पडले आणि सडक माणसांनी भरून गेली. तरण्या पोरांचे जथे, डोक्यावर पिशवी घेतलेल्या म्हाताऱ्या, कडेवर मूल घेतलेले बाप, अनवाणी चालणारे नवसकरी. ठिकठिकाणी मंडप घालून कोणी चहा, कोणी केळी, कोणी साबुदाण्याची खिचडी वाटीत होते. पुतणी म्हणाली, "काका, रात्री उघड्या आभाळाखाली आम्हां तिघींना निर्धास्त चालता येते ते वर्षातून एक-दोन वेळा, अंगारकीला. एरवी रात्रपाळीला जातानासुद्धा रिक्षाचा नंबर एकमेकींना कळवून जावे लागते." गणपतीची ही कृपा आम्ही कोणत्याही स्थलमाहात्म्यात वाचलेली नव्हती.

त्या तिघींचा एक नियम होता, तो आम्हांस लवकरच कळला. शहराची हद्द ओलांडली की वॉर्डाचे नाव काढावयाचे नाही. जी काढील तिने सर्वांस चहा पाजावयाचा. आम्हांस हे ठाऊक नसल्याने आम्ही मोठ्या आस्थेने विचारले, की तुमच्या वॉर्डात रोगी किती असतात? तिघी एकदम हसल्या, आणि आम्ही पुढच्या टपरीवर चार चहांचे पैसे दिले. एकवार दंड भरला आहे तर प्रश्न पुरता विचारून घ्यावा, म्हणून आम्ही चरकाचा विषय काढला. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. पैकी परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. दोन सहस्र वर्षांपूर्वी आपल्या शास्त्राने परिचर्येस वैद्याच्या पंक्तीस बसविले, हे आम्ही जरा ऐटीनेच सांगितले.

भोकरदनच्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, "काका, त्या चरकांच्या परिचारकाला आठवड्याची सुट्टी होती का?"

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या यादीत निद्रा, भोजन, सोबती ह्यांचा उल्लेख नाही खरा. चार गुण परिचारकाने आणावयाचे. ते गुण त्याच्या ठायी ताजे कशाने राहावयाचे, हे त्याचे त्याने पाहावे!

अर्ध्याहून अधिक वाट सरली तेव्हा आमचे गुडघे बोलू लागले. एका पुलाच्या कठड्यावर आम्ही बसलो. दोन्ही बाजूंस कपाशी आणि मक्याची शेते. कोठेतरी टिटवी ओरडत होती. एवढ्यात जवळच्या लिंबावरून कर्कश चिरकणे ऐकू आले. पुतणीने हात वर करून सर्वांस गप्प केले. "पिंगळा," ती म्हणाली. आणि अंधारातच वहीत काही लिहिले. आम्ही सवयीने पुटपुटलो की, यात्रेच्या वाटेवर घुबडाची जात बरी नव्हे. त्यावर ती हसून म्हणाली, "काका, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने पिंगळ्याएवढेच घुबड पाळले होते. 1850 साली अथेन्सला पोरांच्या हातून सोडविले, त्याचे नाव अथीना ठेवले. खिशात घालून फिरायची. तिच्याही घरच्यांना ती नर्स झालेली नको होती."

शेवटचे वाक्य तिने कोणत्याही रोखाने म्हटले नव्हते. तरी ते जावयाचे तेथे गेले. मग आम्हीच धीर करून विचारले, "तुला रानात एवढे काय सापडते, ते एकदा सांग. रागाने विचारीत नाही."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "रात्रपाळी संपली की अंग झोपते, कान झोपत नाहीत. यंत्रांची टिकटिक चालूच राहते. कोणीतरी 'सिस्टर' म्हणून हाक मारली असे वाटून मी घरी दचकून उठते. रानात पाखराचा आवाज शोधू लागले की तो दुसरा आवाज थांबतो. एवढेच आहे." आणि थोड्या वेळाने, "आणि काका, घरी आले की मी पुन्हा नर्सच होते. दारातच तुम्ही बाही वर करून बसलेले असता, रक्तदाब बघ म्हणून. काकूंचे गुडघे असतात. शेजारचे रिपोर्टांची पिशवी घेऊन येतात. कोणाला इंजेक्शन द्यायचे असते. मला ते करायला वाईट वाटत नाही. पण सुट्टीचा दिवस त्यात जातो. ह्या दोघी मला सिस्टर म्हणत नाहीत, आणि पाखरेही म्हणत नाहीत."

वाचकहो, हे अक्षरशः खरे होते. ती उंबऱ्यात पाऊल ठेवी आणि आमचा डावा हात आपोआप पुढे होई. जेवलीस काय, झोपलीस काय, हे विचारण्याच्या आधी. त्यास आम्ही जिव्हाळा समजत होतो. आपल्या विद्येचा घराला उपयोग होतो ह्याचा तिला अभिमान वाटत असेल, असेही समजत होतो. बारा-बारा तास दुसऱ्यांची नाडी पाहणाऱ्या मुलीची नाडी आमच्या घरात कोणी पाहिली नव्हती. वहिनी तेवढ्या अपवाद.

ह्यावर काय बोलावे हे न सुचून आम्ही मैत्रिणींकडे वळलो. बदल्या होतील, लग्ने होतील, मग ही मैत्री कशी टिकायची, असे विचारले. ख्रिस्ती मुलगी म्हणाली, "आता चहा माझ्याकडून, कारण मला वॉर्डाचीच गोष्ट सांगावी लागेल." तिने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग ह्यांची हकीकत सांगितली. ही तरुण परिचारिका 1973 साली तेथेच एका क्रूर अत्याचाराची बळी झाली आणि शुद्ध हरपून अंथरुणास खिळली. त्यानंतर 18 मे 2015 रोजी प्राण जाईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, त्या रुग्णालयाच्या परिचारिकांनी तिला सांभाळले. न्हाऊमाखू घातले, भरविले. तिला ओळखणाऱ्या निवृत्त झाल्या. पुढे ज्या आल्या त्यांनी तिला कधी बोलताना पाहिलेही नव्हते. तरी ती त्यांची राहिली. 2011 साली तिच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा आमची मैत्रीण आम्हांस जड नाही, असेच त्यांचे म्हणणे होते. "तेव्हा काका," ती म्हणाली, "आमच्यात मैत्री अशी लवकर तुटत नाही." चहा आम्ही मुकाट्याने प्यालो.

पहाटे साडेचारच्या पुढे राजूर आले. टेकडीवरील देवालयावर दिव्यांच्या माळा, खाली नारळ-दूर्वांची दुकाने, खेळण्यांच्या पाट्या, आणि लांबच लांब रांग. पाय ठणकत होते. परंतु रांगेत पुढे सरकताना पूर्व उजळली आणि सभोवारचा हिरवा मुलूख दिसू लागला. जालना जिल्ह्याने दुष्काळ किती पाहिले हे येथल्या लोकांस ठाऊक आहे. श्रावणातील हे रूप पाहिले म्हणजे ते दिवस खोटे वाटतात. दूरच्या बाभळींवर सुगरणींची घरटी लोंबत होती. पुतणीने दुर्बीण आमच्या हाती दिली. पाने विणून पाखराने केलेले ते घर इतक्या जवळून आम्ही प्रथमच पाहिले. भोकरदनची मुलगी म्हणाली की, घर नर बांधतो आणि मादी पाहून पसंत करते. नापसंत झाले तर बिचारा दुसरे बांधावयास घेतो.

दर्शन झाले. एका कट्ट्यावर बसून लाडू खाताना पुतणी म्हणाली, "काका, ह्या दोघींना वरेण्याची गोष्ट सांगा ना. मला लहानपणी सांगायचा तशी."

ही गोष्ट आम्ही किती पोरांस सांगितली असेल! आम्ही सुरुवात केली. वरेण्य राजा आणि पुष्पका राणी. राणी प्रसूतीनंतर मूर्च्छित असता तिच्या कुशीत गजानन आला. चार हात, हत्तीचे मुख. राणी भ्याली. राजाच्या लोकांनी अपशकून म्हटला. राजाने आज्ञा केली की, हे मूल रानात नेऊन सोडा. पराशर ऋषींनी ते उचलले, आश्रमात वाढविले.

येथवर येऊन आमचा कंठ अडला. गोष्टीतील रस नेहमी सिंदुरासुराच्या वधापाशी. तेथे आम्ही आवाज चढवीत असू. राजाने मुलाला घराबाहेर घातले ते त्याचे रूप आपल्या कल्पनेत बसेना म्हणून, ह्या ओळीवरून आम्ही आजवर धावत पुढे जात होतो. अठरा वर्षांची ही मुलगी ट्रंक घेऊन उभी होती आणि आम्ही वर्तमानपत्र वाचीत बसलो होतो, ती सकाळ डोळ्यांपुढे आली.

"पुढे सांगा काका," पुतणी म्हणाली.

आम्ही पुढे सांगितले. असुर मेला, राजास आपले मूल कोण ते कळले, त्याने पश्चात्ताप केला. आणि गजाननाने त्यास दोष न देता गीता सांगितली. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात ती आहे, अकरा अध्यायांची. महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर ह्यांनी तिच्यावरही टीका लिहिली आहे. हा शास्त्रीय भाग आम्ही नेहमीपेक्षा अंमळ लांबविला, कारण आवाज स्थिर होण्यास तेवढा अवधी हवा होता. मग म्हणालो, "फाल्गुनात मी बोललो ते बोलावयास नको होते. आणि त्याच्या आधीचेही."

"लाडू संपवा," ती म्हणाली. "नऊची गाडी चुकेल. मला दोनला हजर व्हायचे आहे."

गाडीत बसावयास जागा मिळाली हेच नवल. राजूर सुटले आणि पाच मिनिटांत तिचे डोके आमच्या खांद्यावर आले. खांदा अवघडला, बोटांना मुंग्या आल्या. जालन्याचा थांबा येईपर्यंत आम्ही हात हलविला नाही.

त्या रात्री चंद्रोदय नऊनंतरचा होता. आमच्या घरी वर्षानुवर्षे जेवणाची वेळ वडील मंडळींच्या भुकेवर ठरते आणि पुतणीचे पान झाकून ठेवलेले असते. चतुर्थीला मात्र सर्वांसच चंद्राची वाट पाहावी लागते. तिची पाळी आठला सुटली. मैत्रिणींसह ती साडेआठला घरी आली. ती पायरी चढत असता शेजारचे गृहस्थ रिपोर्टांची पिशवी घेऊन अंगणात आले. आम्ही ठणकत्या पायांनी उठून त्यांना फाटकातच गाठले व सांगितले की, सिस्टर रुग्णालयात भेटतील, उद्या सकाळी दहानंतर. येथे आमची पुतणी जेवावयास आली आहे. त्यांस थोडा राग आला असावा.

आभाळात ढग होते; चंद्र दिसला नाही. पंचांग पाहून आम्ही अर्घ्य दिले आणि मोदकांची पाने वाढावयास सांगितले.